आमच्या कासवीचे बाळंतपण

कासवी आपल्या पिलांस दूध पाजीत नाही, पंखाखाली घेत नाही. ती दुरून नुसती प्रेमाने पाहते आणि त्या दृष्टीनेच पिले वाढतात, असा समज आपल्या महाराष्ट्रात फार जुना आहे. संतांनी तो जागोजागी दृष्टान्तादाखल योजिला असल्यामुळे मराठी मुलाच्या कानी तो लहानपणीच पडतो. दृष्टान्त मोठा गोड खरा. परंतु सृष्टीत पाहू जाता प्रकार नेमका उलट आढळतो. कासवी अंडी घालते ती त्यांच्याकडे पाठ करून. माती लोटून झाली की ती मागे वळूनही पाहत नाही, आणि पुढे पिले बाहेर आली तरी ती आपली आहेत हे तिला कळण्याचा संभव नसतो. म्हणून तिला निष्ठुर म्हणावे काय? गेल्या मार्च महिन्यात आमच्या शाळेच्या बागेत जे पाहावयास मिळाले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, तिची सारी माया एकाच कामी खर्च होते, आणि ते काम म्हणजे जागेची निवड. ती एकदा मनाजोगी साधली की तिचे कर्तव्य संपले. न साधली तर मात्र तिच्या जिवावर बेतते. ही हकीकत आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिली आहे. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी व माजी विद्यार्थ्यांसाठी ती येथे लिहीत आहे.

आमची यमुना ही मूळची या देशची नव्हे. डोळ्यांमागे दोन्ही बाजूंस तांबडा पट्टा असणारी ही जात उत्तर अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. तिकडून तिचा व्यापार जगभर पसरला आणि आपल्याकडेही शोभेच्या मासळीच्या दुकानांतून रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी अशी हिरवीगार पिले विकली जाऊ लागली. घेणारास वाटते, हे एवढेच राहणार. ते एवढे राहत नाही. चारपाच वर्षांत त्याचे ताट होते, पाणी दररोज नासते, आणि मग घरातील वडीलधाऱ्यांस त्याचा कंटाळा येतो. आमच्या शाळेतील एका मुलाच्या वडिलांची बदली झाली तेव्हा ते कुटुंब ही कासवी एका बादलीत घालून शाळेत ठेवून गेले. त्याला आता चार वर्षे होतील. तिच्या पुढच्या पायांची नखे आखूड होती, नराची ती लांबलचक असतात; एवढ्यावरून ती मादी असल्याचे आम्हांस कळले. इतिहासाच्या शिक्षकांनी तिचे नाव यमुना ठेविले, कारण आपल्या शिल्पांत गंगा मकरावर आणि यमुना कासवावर उभी असते. वेरूळच्या कैलास लेण्यात नद्यांचे मंदिर आहे, तेथे सहलीस गेलेल्या मुलांना हे लागलीच पटले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर आमचे पाहून कोणी भलतेच करावयाचा. तारा कासवासारखी आपल्या देशातील कासवे घरी वा शाळेत बाळगणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये गुन्हा आहे. ही परदेशी जात पाळण्याची शिफारसही मी कोणास करीत नाही. तिच्या अंगावर एक प्रकारचे रोगजंतू असू शकतात व त्यांपासून मुलांस जुलाबाचा कठीण आजार होतो. एवढ्याच कारणावरून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवे विकण्यास बंदी घातली. यमुनेस हात लावणाऱ्या प्रत्येकाने साबणाने हात धुतलेच पाहिजेत, हा आमचा नियम त्यामुळेच आहे.

फेब्रुवारीअखेर यमुनेचे वागणे पालटले. दहावीतील एका विद्यार्थिनीच्या लक्षात ते प्रथम आले; ती रोज मधल्या सुट्टीत तिला पालेभाजी घालीत असे. कासवी खाईना. हौदात ठेवलेल्या विटांवर उन्हात तासन् तास पडून राही, मग एकाएकी उठून कडेकडेने फिरू लागे, भिंतीवर चढू पाही, आणि मागच्या पायांनी विटा खरवडी. सिमेंट खरवडण्याचा तो आवाज वर्गात ऐकू येई. मुलांना वाटले, हिला उन्हाळा बाधला. मी तिला एका टोपलीत घालून रिक्षाने पशुवैद्याकडे नेले. त्यांनी क्ष-किरण चित्र काढून ते उजेडासमोर धरले, तेव्हा कवचाच्या आत सात लांबट अंडी ओळीने मांडून ठेवल्यासारखी स्वच्छ दिसली. चार वर्षांत नराची सावलीही न पडलेल्या मादीस अंडी कशी, असे मी विचारले. त्यावर ते हसून म्हणाले, “गुरुजी, कोंबडी घालते की नाही?” शिवाय ही जात नराचे बीज शरीरात पुष्कळ काळ, प्रसंगी वर्षानुवर्षेही, जिवंत ठेवू शकते, ही आमच्याकडे येण्यापूर्वी कोठे व कोणाबरोबर होती ते आम्हांस ठाऊक नव्हते. तेव्हा ती अंडी पोकळ की सजीव हे सांगणे कठीण होते.

खरी चिंता निराळीच होती. कासवीस मनाजोगी माती मिळाली नाही तर ती अंडी पोटातच धरून ठेवते. काही माद्या अखेर निरुपायाने ती पाण्यात टाकून देतात. काहींना तेही साधत नाही. मग अंडी आत अडकतात, कुजतात किंवा फुटतात, आणि कासवी दगावते. औषध टोचून ती बाहेर काढता येतात, ते न साधल्यास कवच कापून शस्त्रक्रिया करावी लागते. वैद्यांनी सांगितले, ती अद्याप तरतरीत आहे, दोनतीन आठवडे वाट पाहण्यास हरकत नाही. मात्र मान टाकून मलूल पडली तर रात्र असो वा दिवस, तात्काळ घेऊन यावे. आणि निघताना म्हणाले, “औषध माझ्याकडे आहे, पण पहिले औषध तुमच्या बागेत आहे. तिला माती द्या.”

माती द्या, हे बोलण्यास सोपे. आमच्या बागेची जमीन काळी. काळी माती ओली असता पायाला चिकटते आणि वाळली म्हणजे तिला बोट जाईल अशा भेगा पडतात. तिच्यात केलेला खड्डा अंड्यांसाठी सापळाच व्हावयाचा. मैदानाकडचा मुरूम खडेदार, तो उकरताना नखे तुटतील. नुसती वाळू घ्यावी तर खड्डा खणता खणता कडा ढासळतात. काही वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर मी मुलांची सहल नेली होती, त्या वेळी पाहिलेले येथे उपयोगी पडले. तेथे समुद्रकासवांची अंडी रक्षिण्याचे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली गावकऱ्यांच्या साह्याने सुरू केले. कासवीने घातलेली अंडी कोल्हे-कुत्र्यांच्या तोंडी पडू नयेत म्हणून ती उचलून कुंपणात आणतात व दुसऱ्या खड्ड्यात ठेवतात. तो खड्डा कसाही खणून चालत नाही. मादीने खणला असेल तितकाच खोल, म्हणजे दीड फुटाच्या सुमारास, मुखाशी अरुंद आणि तळाशी फुगीर, थेट मडक्यासारखा तो करावा लागतो. आणि अंडे उचलताना त्याची वरची बाजू खाली होऊ द्यावयाची नाही, कारण आतील जीव कवचाच्या वरच्या अंगास चिकटून वाढत असतो. तेथील एका वृद्ध गृहस्थांनी मुलांना ओली वाळू मुठीत दाबून दाखविली होती. मूठ उघडल्यावर गोळा राहिला तर वाळू चांगली. पाणी गळले तर जास्त ओली, फुटला तर कोरडी. लाडू वळता येतो त्याला खड्डाही खणता येतो, असे ते म्हणाले होते.

मग आम्ही मापे घेतली. यमुनेचे कवच २२ सेंटिमीटर भरले. मातीची खोली निदान कवचाच्या लांबीइतकी असावी व जागेची लांबी त्याच्या चौपट-पाचपट असावी, असा ठोकळ नियम आहे. त्याप्रमाणे हौदाच्या पूर्वेस चार फूट लांब व अडीच फूट रुंद अशी जागा शिपाईमामांनी विटा नुसत्या रचून बांधली. आत एक फूट माती मावेल आणि वर आणखी एक फूट कठडा राहील, इतकी उंच. कासव चढण्यात किती पटाईत असते हे ज्याने पाहिले नाही त्याला हा कठडा अनावश्यक वाटेल. मुलांनी नदीची वाळू व पोयटा निम्मेनिम्म घेऊन चाळणीने चाळले. त्यातून निघालेले खडे, काचा आणि एक जुना पितळी बिल्ला पाहून चाळणीचे महत्त्व निराळे सांगावे लागले नाही. तळाशी विटांचे तुकडे पसरले, म्हणजे जास्तीचे पाणी निचरून जाईल. हौदातून मातीवर येण्यास खडबडीत फळीची उतरण केली. अर्ध्या भागावर सकाळचे ऊन येई व अर्ध्यावर कडुलिंबाची सावली राही. ऊब कोठे हवी ते तिचे तिने ठरवावे. कावळे, मुंगूस आणि गावातील कुत्री यांच्यासाठी वर जाळी घातली. मुंग्यांचा बंदोबस्त मात्र शेवटपर्यंत पुरता झाला नाही, मामा सकाळ-संध्याकाळ वारूळ शोधीत हिंडत.

ऊब कोठे हवी, हे मी सहज लिहून गेलो. पण त्यात केवढा अर्थ भरला आहे पाहा. कासवाच्या बहुतेक जातींत पिलू नर व्हावे की मादी हे अंड्यात अगोदर ठरलेले नसते, ते मातीची ऊब ठरविते. या जातीत २६ अंशांच्या आसपासच्या थंड मातीत प्रायः सारे नर निपजतात आणि ३१ अंशांच्या पुढे प्रायः साऱ्या माद्या. माउली जेथे खणते त्या जागेवर तिला मुलगे व्हावयाचे की मुली हे अवलंबून. नववीच्या वर्गात हे सांगितले तेव्हा एक मुलगा म्हणाला, “म्हणजे सर, तिला नाक आहे तसा तापमापकही आहे.” त्याचे म्हणणे मी खोडून काढले नाही.

जागा सिद्ध झाली आणि यमुनेने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. पहिले तीन दिवस ती फळीवर येऊन परत जाई. याचे कारण आम्हीच होतो. चाळीस डोळे रोखलेले असता कोणती बाळंतीण निश्चिंत राहील? आपल्याकडे बाळंतिणीची खोली अंधारी व आडोशाची ठेवीत, ते सारेच खुळेपणाचे नव्हते. मामांनी हौदाभोवती गोणपाटाचा पडदा उभा केला, त्याला एकच भोक ठेविले, आणि त्या भोकाशी एका वेळी एकानेच, तेही न बोलता, जावे असे ठरले. समुद्रफेणाचा एक तुकडा पाण्यात टाकिला, कारण अंड्यांचे कवच ती आपल्याच अंगच्या चुन्यातून घडविते. चौथ्या दिवशी तिने माती हुंगली. सहाव्या दिवशी कोपऱ्यात एक उथळ खड्डा करून सोडून दिला. पुढे आणखी दोन सोडले. मुले हिरमुसली, पण घर पाहावयास आलेला मनुष्य पहिलेच घर थोडेच घेतो?

या वाट पाहण्याच्या दिवसांतच मला दुसरे एक अवघड काम करावयाचे होते. अंड्यांतून पिले निघावीत अशी सर्व मुलांची फार इच्छा होती. त्यांनी सात नावेही निवडून ठेवली होती. मी वर्गात विचारले, पिले कोण घेईल? चौदा हात वर झाले. तेव्हा मी फळ्यावर एक हिशोब मांडिला. ही जात नीट सांभाळली तर तीस वर्षे सहज जगते. तुमचे वय तेरा, त्यात तीस मिळवा. त्रेचाळीस वर्षांचे होईपर्यंत, शिक्षणासाठी परगावी गेलात तरी, लग्न झाले तरी, नोकरीची बदली झाली तरी, तुम्ही रोज तिचे पाणी बदलाल काय? ज्यांचे उत्तर होकारार्थी असेल त्यांनी आईवडिलांच्या सहीची चिठ्ठी आणावी. दोन चिठ्ठ्या आल्या, त्यांतील एक दुसऱ्या दिवशी परत मागून घेण्यात आली.

एका सुशिक्षित पालकांनी सुचविले, “एवढी काळजी कशाला? पिले गावच्या तळ्यात सोडा, पुण्यही लागेल.” अशाच पुण्याने ही कासवे जगभर मोकळ्या पाण्यात पसरली आहेत. आसामात व केरळातही ती आढळली आहेत. ती आक्रमक व चिवट. उन्हात बसण्याची जागा, अन्न, विणीची माती सर्व बळकावतात आणि मूळच्या कासवांस हुसकून लावतात. युरोपीय संघाने १९९७ सालीच त्यांची आयात थांबविली ती यासाठी. आमच्या तळ्यात देशी कासवे आहेत. त्यांचे घर मोडून आमच्या दयाळूपणाची हौस भागविण्याचा मला अधिकार नव्हता. म्हणून अंडी आल्याबरोबर, त्याच दिवशी, ती प्रयोगशाळेच्या शीतपेटीतील बर्फकप्प्यात ठेवावयाची, असे मी मुलांना अगोदरच सांगून टाकिले. घातल्या वेळी अंड्यातील जीव अगदी प्रारंभीच्या अवस्थेत थांबलेला असतो, त्याला अद्याप वेदना जाणण्याचे साधन नसते, हेही समजाविले. वर्ग ऐकत होता. परंतु त्या दिवशी कोणी माझ्याशी फारसे बोलले नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, वार्षिक परीक्षेच्या गडबडीत, दुपारी चारच्या सुमारास मामा धावत आले. यमुनेने सावली व ऊन यांच्या सीमेवरची जागा धरिली होती. मी भोकाशी गेलो. पुढचे पाय मातीत रोवून ती स्थिर उभी होती, आणि मागचे पाय पाळीपाळीने आत जात होते. डावा एक ओंजळ माती काढून बाजूस ठेवी, मग उजवा. जे करते आहे ते तिला दिसत नव्हते. पाय पोहोचेल तितका खोल खड्डा झाला. मध्येच तिने आपल्या अंगचे पाणी सोडून माती भिजविली, म्हणजे आम्ही घातलेल्या पाण्यावर तिचा भरवसा नव्हता. मग ती थांबली. अंडे खाली उतरताना तिची मान किंचित आत जाई आणि एक मागचा पाय खड्ड्यात उतरून अंड्याला हळूच बाजूस सारी. आईचा पोराला स्पर्श झाला असेल तर तो एवढाच. सव्वासहा वाजता तिने माती ओढून घेतली, पायांनी चेपली, पोटाच्या सपाट कवचाने घासून अशी सारखी केली की जागा पाहिलेली नसती तर मलाही ओळखता आली नसती. त्यानंतर ती फळीवरून खाली गेली आणि पाण्यात शिरताच तिने पालेभाजीचे पान खाल्ले.

अंडी सहा निघाली. पांढरीशुभ्र, मोठ्या जांभळाएवढी, आणि कवच जाड कागदासारखे चामट. दहावीची ती विद्यार्थिनी परीक्षेहून परस्पर आली होती; उकरण्याचे काम मी तिलाच दिले. सहा अंडी वाटीत ठेवल्यावर ती म्हणाली, “सर, उकरूनच काढायची होती तर एवढी माती चाळलीच कशाला?” मी म्हणालो, “माती अंड्यांसाठी नव्हती, हिच्यासाठी होती.” तिने थोडा वेळ हौदाकडे पाहिले व वाटी स्वतःच प्रयोगशाळेत नेली. तिचे समाधान झाले की नाही ते मी विचारले नाही.

सातव्या अंड्याने आणखी तीन दिवस घोर लाविला. चित्रात सात होती, वाटीत सहा. चौथ्या दिवशी सकाळी ते हौदाच्या तळाशी फुटके सापडले, आणि त्याच दिवशी पुन्हा काढलेल्या क्ष-किरण चित्रात तिचे पोट रिकामे दिसले. वैद्यांनी माझ्याकडून चित्राचे पैसे घेतले नाहीत. मामांनी मात्र आपल्या पैशांनी प्रयोगशाळेत सर्वांस चहा दिला.

ही जात एका हंगामात दोनतीनदा, क्वचित अधिक वेळाही अंडी घालते, मध्ये सुमारे महिन्याचे अंतर असते. म्हणून विटा काढल्या नाहीत. सुट्टीत शाळा बंद असली तरी मामा रोज सकाळी झारीने ती माती शिंपतात आणि एक मूठ दाबून लाडू वळतो की नाही ते पाहतात. परवा मी गेलो तेव्हा कोपऱ्यात एक उथळ, अर्धवट सोडलेला खड्डा होता.